पिवळा चिमटा

सांगलीच्या मारुती चौकात रविवारी सकाळी आकाराम केळी घेत होता आणि त्याच्या पाठीला घासून एक यामाहा केकाटत गेली. शर्यतीची गाडी असणार. सायलेन्सर काढून टाकलेला, आणि वरचा गडी असा ताठ बसलेला की रस्ता जणू त्याच्या बापानंच बांधलाय. आकारामच्या तोंडात शिवी तयार होती. फौजेतून आल्यावर कोल्ड स्टोरेजच्या गेटवर सुपरवायझर झाल्यापासून ती तयारच असायची. पण शिवी बाहेर पडायच्या आत वास आला. जळक्या एरंडेलाचा. शर्यतवाले पेट्रोलात एरंडेल मिसळतात हे काही त्याला नवं नव्हतं. पण गेली सात वर्षं त्यानं हा वास शिताफीनं चुकवला होता. घरात कुणाचं पोट बिघडलं तरी एरंडेलाची बाटली उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती, आणि बायकोनं तो मिलिटरीतून आणलेला एक विक्षिप्तपणा समजून सोडून दिला होता. आता तो गोडसर, तेलकट वास थेट डोक्यात गेला आणि आकाराम भर चौकात मान वर करून आभाळात विमान शोधायला लागला. हातभर पंखांचं, लाल शेपटीचं. केळीवाला म्हणाला, “आवं काका, काय पडतंय व्हय वरनं?” आकारामनं मान खाली घातली, केळी घेतली आणि घराकडे जायचं सोडून तो एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागला.

शर्टाच्या खिशात तीन दिवसांपासून एक अंतर्देशीय पत्र होतं. फौजेतला जुना जोडीदार नाथाजी, त्याच्या बायकोचं, अंजनाचं, कोरेगावजवळच्या त्यांच्या गावाहून आलेलं. अक्षर तिच्या लेकीचं, शिवांजलीचं, शाळेतल्यासारखं गोल गोल; बोलणं मात्र सगळं अंजनाचं. भावजी, शिवांजलीला मुलगी झाली. रविवारी दुपारी कान टोचायचे हाईत, सांजच्याला बारसं. लेकराला मामाच्या मांडीवर बसवून कान टोचत्यात, पण हिला भाऊ न्हाई, मग आज्याच्याच मांडीवर बसवायचं आमी म्हनलं. तर हे ऐकंनात. माझ्या हातात कुणाचं लेकरू देऊ नका म्हनत्यात. पाच दिस झालं, नातीला बोट लावलं न्हाई. कारन तुमाला ठाव हाय. तुमी तितं हुतासा. तुमचं ऐकतील. शेवटच्या दोन वाक्यांखाली कुणीतरी, बहुधा अंजनानंच, पेन घट्ट दाबून रेघ मारली होती. आकारामनं पत्र वाचलं तेव्हाच ठरवलं होतं की जायचं नाही. रजा मिळाली नाही असं कळवायचं, बाळंतविडा पोस्टानं पाठवायचा. चांगला विचार होता. त्या यामाहावाल्यानं त्याचं वाटोळं केलं. घरी सांगायला गेलो तर पाय परत निघायचा नाही हे आकाराम स्वतःला पुरता ओळखून होता, म्हणून साताऱ्याच्या गाडीत तो केळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन तसाच बसला.

क्लब. त्या शब्दाचं आता त्याला हसू यायचं आणि ते हसू तोंडातच आंबायचं. छावणी पार उत्तरेत, मे महिन्यात डांबर बुटाला चिकटणाऱ्या मुलखात, आणि तिच्या टोकाला इंग्रजांच्या काळातली एक मोडकी धावपट्टी. मेजरसाहेबांना छोटी विमानं उडवायचा नाद. त्यांनी परदेशातून खोकी आणवली, आणि तिथं इंग्रजी पाटी लागली, एरोमॉडेलिंग क्लब. क्लब साहेबांचा. विमानं साहेबांची. साहेबांनी उडवायचं, पाडायचं आणि जवानांनी बाभळीतून तुकडे गोळा करून आणायचे, अशी कामाची सरळ वाटणी होती. आकाराम वर्कशॉपात रेडिओ मेकॅनिक होता, म्हणून त्याला क्लबात ओढला. बाल्साचं लाकूड कापसासारखं हलकं. ते ब्लेडनं कापून त्याच्या पातळ फासळ्या करायच्या, एकेक फासळी चिकटवून पंख उभा करायचा, वर रेशमासारखा कागद ताणून बसवायचा. रविवारचा रविवार त्यात जायचा. आकाराम विट्याकडचा. त्याच्या भावकीतली अर्धी माणसं कुठल्या कुठल्या शहरांत सोनं गाळायची दुकानं टाकून बसलेली. बापानं त्यालाही लहानपणी तराजूसमोर बसवलं होतं आणि श्वास सोडला तरी कानाखाली वाजवली होती. तो हात फासळ्यांना उपयोगी पडला. मेजरसाहेब त्याच्या पंखावर नखानं टिचकी मारायचे आणि म्हणायचे, “आकाराम, ये तो ढोलक है.” त्या वाक्यावर तो आठवडाभर खूश असायचा. किती थोडक्यावर माणूस खूश होतो, आणि किती थोडक्यावर बिघडतो!

आणि चिमटे. क्लबात देवाच्या जागी काही असेल तर ती चिमट्यांची पाटी. सेट म्हणजे खालून विमान चालवायची हातातली रेडिओची पेटी. प्रत्येक सेटचा एक चॅनल, आणि एका चॅनलवर एका वेळी एकच सेट चालू करायचा. दुसऱ्यानं त्याच चॅनलचा सेट चालू केला की वरच्या विमानाला दोन मालक होतात आणि ते कुणाचंच ऐकत नाही, दगडासारखं खाली येतं. म्हणून एका फळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, साहेबांच्या बोलीत पेग, लावलेले, रंग दिलेले, एका चॅनलला एक. ज्याला उडवायचं त्यानं आपल्या रंगाचा चिमटा काढून कॉलरला लावायचा आणि मगच सेटच्या बटणाला हात घालायचा. कॉलरला चिमटा नाही तर बटण नाही. आकाराम त्या पाटीचा राखणदार होता आणि राखणदारी त्यानं अशी केली की लोक वैतागले. एकदा कर्नलसाहेब बायकोला दाखवायला म्हणून सेट उचलून बटणाकडे बोट नेत होते, तर यानं सगळ्यांसमोर हात आडवा घातला आणि म्हणाला, “सर, पेग.” कर्नलसाहेब लाल झाले. मग हसले आणि त्यांनी मुकाट्यानं चिमटा लावला. ही गोष्ट पुढं तीन वर्षं मेसमध्ये सांगितली जायची. आकारामलाही ती ऐकायला आवडायची. आता एसटीच्या खिडकीशी ती आठवली तेव्हा त्याला स्वतःची किळस आली.

नाथाजी मागून आला. साधा ड्रायव्हर, कोरेगावाकडचा, ऊसवाल्याचा पोरगा, डोक्यात ना इंग्रजी ना इंजिन. सामान वाहायला ट्रक घेऊन यायचा आणि बॉनेटला टेकून बघत उभा राहायचा. एका रविवारी मेजरसाहेबांनी गंमत म्हणून त्याच्या हातात सेट दिला. पंधरा दिवसांत हा माणूस विमान उलटं उडवायला लागला. आकाराम दोन वर्षं शिकत होता. त्याचं विमान जाताना नीट जायचं. तोंड फिरवून परत यायला लागलं की डावं उजवं होतं आणि उजवं डावं, आणि तिथं त्याचा मेंदू अडायचा. दोनदा त्यानं स्वतःच्या हातानं बनवलेलं विमान स्वतःच्या हातानं जमिनीत घातलं होतं. नाथाजीला विचारलं तर तो म्हणाला, “त्यात बसायचं, गड्या. मनानं आत जाऊन बसायचं. भाईर हुबं राहून बगितलं की उलटंच दिसनार.” किती साधं! त्यानं ते प्रेमानं सांगितलं होतं, यात शंका नाही. आकारामला वाटलं होतं याच्या थोबाडीत द्यावी. पंख माझा, फासळी माझी, इंजिन मी जुळवलं, तेल मी मिसळलं, दोन हिस्से एरंडेल मोजून घातलं, आणि मेजरसाहेब खांद्यावर हात ठेवतात ते ड्रायव्हरच्या. “ये लड़का पंछी है.” तेव्हापासून ढोलक हा शब्द आकारामला गोड लागेनासा झाला. वरवर मात्र दोघं एका ताटात जेवायचे. रजेवर एकत्र यायचे, साताऱ्याच्या स्टँडवर मिसळ खाऊन वेगळ्या गाड्या पकडायचे, आणि नाथाजी दर वेळी आकारामची पत्र्याची पेटी स्वतः टपावर चढवून द्यायचा.

गाडी कराडला थांबली. उतारू उतरले, चढले. आकारामनं एक केळं सोलून हातात धरलं आणि खायचं विसरला. एक्याण्णवचा फेब्रुवारी. जनरलसाहेब येणार म्हणून धावपट्टीला चुना मारलेला, शामियाना, कोचावर बायका, आणि शामियान्याच्या कडेनं बँड सावधानमध्ये उभा. नाथाजी मेजरसाहेबांचं मोठं विमान घेऊन मधोमध, कॉलरला पिवळा चिमटा. सलामी द्यायला विमान खालून, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून, शामियान्यासमोरून न्यायचं ठरलेलं. आकाराम मागच्या तंबूत. त्याच्या पुढ्यात मेजरसाहेबांचा दुसरा सेट, तोही पिवळ्याच चॅनलचा. बाहेर पहिली फेरी झाली, टाळ्या वाजल्या. मग आकारामचं बोट बटणावर गेलं. सात वर्षं तो हे वाक्य घासूनपुसून ठेवत आला होता. बॅटरी बघायची होती. एरियल पूर्ण खाली आहे, तंबूच्या आत आहे, काटा चढतो का एवढंच बघू, दोन सेकंदांत काय होतंय. चिमटा घ्यायचा तर नाथाजीच्या कॉलरचाच घ्यावा लागला असता. बटण दाबलं, काटा चढला, आणि बाहेरच्या इंजिनाचा आवाज बदलला. एक, दोन. त्यानं बटण बंद केलं. मग बायकांची किंचाळी. विमान शामियान्याकडून वळून बँडवर गेलं होतं. क्लॅरिनेटवाला धुळा, जतचा, त्यानं ते येताना बघितलं होतं. समोरून आलं होतं ते. पण सावधान होतं, आणि जनरलसाहेब बसलेले होते, आणि धुळा हलला नाही. पंख्यानं त्याचा डावा डोळा नेला.

चौकशीत आकारामला एकच विचारलं, चिमटे कुठं होते? तो म्हणाला, पिवळा नाथाजीच्या कॉलरला, बाकी सगळे पाटीवर. अक्षर न् अक्षर खरं. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. तिथं बसलेल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की पाटीच्या राखणदाराला पुढचा प्रश्न विचारावा, आणि न विचारलेलं सांगायची फौजेत पद्धत नाही, असं आकारामनं स्वतःला बजावलं. नाथाजीला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “अंगठा घसरला आसंल, सर.” आसंल! त्या शब्दावर त्याचं ड्रायव्हिंग काढून घेतलं, त्याला लंगरखान्यात बटाटे सोलायला बसवलं, आणि वर्षाच्या आत तो पंधरा वर्षांची नोकरी भरताच स्वतःहून घरी निघून आला. जाताना स्टेशनवर त्यानं आकारामला मिठी मारली आणि म्हणाला, “तुझ्या हातचं इमान मोडलं रं माझ्यापायी.” आकारामनं ती मिठी घेतली. पुढं तो नायब सुभेदार होऊन निवृत्त झाला. त्या दोन्ही गोष्टी त्यानं सारख्याच शिस्तीत घेतल्या.

कोरेगावहून जीपनं तो गावात पोचला तेव्हा दुपार कलली होती. दारात मांडव, आत बायकांची गडबड. अंजना परातीतले हात धुऊन तशीच बाहेर आली. सात वर्षांत तिचं तोंड वाळून गेलं होतं, पण डोळ्यांत आज आशा होती, आणि ती सरळ आकारामवर लावलेली. “आलासा, भावजी. लय बरं झालं. मागं गोठ्याकडं बसल्यात. मानसं आली की तितंच जाऊन बसत्यात.” मग आवाज उतरवून म्हणाली, “ट्रॅक्टर दारात हाय, पर गडी लावलाय. इळा हातात धरत न्हाईत. दाढीसुदा न्हावी करतोय. मी म्हनलं, एकदा कुनी जानत्यानं सांगितलं पायजे, तुमची चूक नव्हती म्हनून. सोनार येऊन बसलाय. तेवडं बोला आन् त्यास्नी घिऊन या.” आकाराम बरं म्हणाला. खरोखरच सांगायचं असं त्याचं ठरलं होतं. कराडपासून वाक्यं जुळवून झाली होती.

नाथाजी बाजेवर बसला होता, दोन्ही पंजे काखेत घालून, थंडी नसताना. आकारामला बघून उठला, हसला, पण हात काही बाहेर काढले नाहीत. इकडचं तिकडचं झालं. नाथाजी म्हणाला की तो दर साली जतला जातो, धुळाकडं. “मेंढरं राखतोय आता. च्या पाजतोय मला. मी त्येच्या उजव्या डोळ्याकडं बगून बोलतो.” आकाराम कधी गेला नव्हता. मग त्यानं बोलायला सुरुवात केली, आणि वाक्य जुळवलेलं होतं तसं न येता अर्ध्यातूनच आलं.

“नाथा, तुझा अंगठा घसरला न्हवता. मी तंबूत दुसरा सेट चालू केला हुता. पिवळ्याचाच. चिमटा न घेता.”

 नाथाजीच्या ओठाचा कोपरा हलला. “अंजनानं पत्र धाडलं न्हवं तुला?”

“व्हय. पर त्येचा काय समंद न्हाई. खरं सांगतोय मी.”

“लय चांगली हाय बिचारी. कुनाकुनाला सांगून बगती.”

“नाथा, देवाशपथ. बटन मी दाबलं.”

“तू?” नाथाजी मोठ्यानं हसला. गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली. “कर्नलसायबाला हात आडवा घातलास तू. सर, पेग! आन् तू चिमट्याबिगर बटन दाबशील व्हय? आनि कशापायी रं दाबशील?”

“बॅटरी बगायला. काटा चढतोय का त्ये.”

“बॅटरी आदल्या दिवशीच मीटर लावून बगितली हुतीस की. मीच टॉर्च धरला हुता. फुल्ल हाय म्हनालास. विसरलास?”

आकाराम विसरला नव्हता. किंवा विसरला होता. त्या क्षणी त्याला ते स्वच्छ दिसलं. वर्कशॉपातलं बाक, नाथाजीच्या हातातला टॉर्च, मीटरचा काटा शेवटच्या रेघेवर, आणि त्याचं स्वतःचंच वाक्य, फुल्ल हाय, उद्या बगायची गरज न्हाई. मग उद्या कशाला बघितली? सात वर्षं उशाशी घेऊन झोपलेलं ते वाक्य कुणीतरी सहज उचलून बाजूला ठेवावं आणि खालचं दाखवावं, तसं झालं. टाळ्या वाजत होत्या. टाळ्या वाजत असताना, नाथाजीसाठी वाजत असताना, माझं बोट गेलं. एवढंच खाली होतं. विमान पाडायचं होतं असं नाही. नाही कसं? पाडायचं होतं. धुळाचा डोळा नको होता, शामियाना नको होता, पण ते विमान नाथाजीच्या हातून, सगळ्यांसमोर, एकदा जमिनीत जायला हवं होतं.

“सांग की, कशापायी?” नाथाजीनं पुन्हा विचारलं. आता तो हसत नव्हता. पुढं वाकला होता आणि एक हात काखेतून अर्धा बाहेर आला होता. त्याच्या तोंडावर, क्षणभर का होईना, विश्वास ठेवायची तयारी होती. आकारामला ते दिसलं. ‘मला तुझं बघवत नव्हतं,’ एवढं बोललं असतं तर या माणसाचा हात त्याला परत मिळाला असता. नाथाजीनं मग थोबाडीत दिली असती, गावभर केलं असतं, जतला जाऊन धुळाला सांगितलं असतं. पण हात परत मिळाला असता. आकारामनं तोंड उघडलं.  तो म्हणाला, “आता न्हाई आटवत, गड्या.”

नाथाजी मागं टेकला. पंजा पुन्हा काखेत गेला. “बगितलंस? तुला खोटं बोलाय येत न्हाई.” त्याचे डोळे भरून आले होते. “माझ्यासाठी सोताच्या अंगावर घ्याया आलास. सांगलीपास्नं आलास. भाऊ बी करायचा न्हाई एवडं. पर मला ठाव हाय माझं. अंगठा घसरलेला कळतोय मानसाला. आजून कळतोय.” आणि आकारामला, लाज म्हणून वाटायला हवी होती तिथं, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं. सांगून झालं होतं. ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही, त्याला कोण काय करणार.

आतून अंजनाची हाक आली. दोघं पुढच्या सोप्यात गेले. विष्णुपंत सोनार तार तापवून, हळद-तेलाची वाटी पुढ्यात घेऊन बसले होते. पाट मांडलेला. शिवांजली लेकरू घेऊन उभी, आणि अंजनाची नजर नाथाजीच्या काखेतल्या हातांवर. ती तिथंच खिळली. मग तिनं आकारामकडे बघितलं. 

“कुनाच्या मांडीवर?” सोनारांनी घाई केली.

“मामा आलाय की,” नाथाजी दारातून म्हणाला, आणि कितीतरी वर्षांत त्याचा आवाज इतका मोकळा झाला नसेल. “आकारामच्या मांडीवर द्या. त्येचा हात कवा हलला न्हाई.”

बायका आनंदल्या. कुणीतरी टोपी आणून आकारामच्या डोक्यावर ठेवली, कुणी कुंकू लावलं. नको म्हणायला जागा होती. लेकरू मांडीवर येईपर्यंत जागा होती. मग ते आलं. अकरा-बारा दिवसांचं, गरम, मूठभर डोकं, टाळूवर काहीतरी धडधडणारं. “मामा, डोकं गच्च धरा,” विष्णुपंत म्हणाले, “लेकरू हललं की भोक वाकडं जातंय.” आकारामनं धरलं. तार आत गेली तशी पोर निळी होऊन किंचाळली, शिवांजलीनं तोंड फिरवलं, अंजना पदर तोंडात घालून आत निघून गेली. “वा,” विष्णुपंत म्हणाले, “असा मामा पायजे.” दारात नाथाजी कौतुकानं बघत होता. आकारामनं पोरीचं डोकं अलगद फिरवलं, दुसरा कान पुढं केला आणि धरून ठेवला. त्याचा हात जरासुद्धा हलला नाही.